त्या गृहस्थाची शेपटी

आमच्या गॅनेट कोव्हच्या धक्क्यावर एका प्राण्याचं नाव कुणी घेत नाही. बोटीवर तर नाहीच नाही, आणि शेवंडांच्या हंगामातले पहिले पिंजरे टाकायचा सोमवार जवळ आला की दुकानात, घरात, चर्चच्या पायरीवरसुद्धा नाही. चिखलात लोळतो, नाक बसकं, शेपटी गुंडाळलेली. आम्ही त्याला ‘तो गृहस्थ’ म्हणतो. माझा भाऊ वेंडल रोज सकाळी त्याच गृहस्थाचं खारवलेलं मांस अंड्यांबरोबर हादडतो, पण नाव कुणी काढलं की त्याचा घास ताटात परत जातो. या गोष्टीत तो शब्द एकदाच येणार आहे, आणि तोही ज्याने उच्चारला त्याच्याच तोंडी. लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो, म्हणून तेवढ्यापुरता मी चुलीच्या लोखंडाला हात लावून लिहीन.

वेंडल निकरसन बोटीचा तांडेल. मी लिओना, त्याची धाकटी बहीण आणि त्याच्या बोटीवरची खलाशी. पिंजऱ्यांत आमिष भरण्यात आणि वेंडलशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. दोन्हीत हात बरबटतात.

आमची जुनी बोट ‘आयडा मे’, वहिनीच्या नावाची. तिच्यातल्या तारांना इतका गंज चढला होता की होकायंत्रावरचा दिवा लावायचा तर पॅनेलवर बुक्की मारावी लागे, आणि कधीकधी त्याच बुक्कीने भोंगा वाजे. शेवटी वेंडलने नवी बोट बांधून घेतली आणि तिला मुलीचं नाव दिलं, ‘रोवेना मे’. इंजिन बसलं, रंग झाला, वायरिंग तेवढं राहिलं. आणि आमच्याकडचा बोटींचा एकुलता एक वायरमन! हंगामाच्या तोंडावर एकवेळ देव भेटेल, पण तो भेटायचा नाही.

“ग्रेडन करेल,” रोवेना म्हणाली.

“तो आतल्या गावचा, ट्रुरोचा?” वेंडलने कपाळाला आठ्या घातल्या. “तो घरांच्या भिंतीत तारा घालतो. भिंती कधी डुलतात का?”

“नीट लावलेली तार डुलली तरी नीटच राहते, बाबा.”

हा ग्रेडन म्हणजे रोवेनाचा होणारा नवरा. होणारा म्हणजे तिच्या मते. वेंडलने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. समुद्राला पाठ करून राहणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, हे मात्र तो तिच्या पाळण्यापासून बोलत आला होता. पोरगी माझ्याजवळ येऊन रडली होती. “आत्या, लग्न करीन तर त्याच्याशीच. पण बाबांनी हात धरून चर्चमध्ये नेलं नाही, तर कशाला करायचं लग्न?” दोघंही हट्टी. एकाच भट्टीतल्या विटा. मला ग्रेडन आवडला होता. पोरगा सरळ होता, हसायचा, आणि माझी काकवीची बिस्किटं मागून खायचा. त्यामुळे वायरिंग त्यालाच मिळावं म्हणून मीही वेंडलच्या मागे भुणभुण लावली, आणि वेंडल कंटाळून म्हणाला, “बरं, येऊ दे. बघू.”

त्या ‘बघू’मध्ये सगळं आलं. ते पॅनेल म्हणजे त्या पोराची परीक्षा होती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

तो आला, सुकाणूपाशी गुडघे टेकून बसला आणि कामाला लागला. वेंडल माशांच्या पेटीवर बसून नव्या सुनेच्या पोळ्या बघाव्यात तसा बघत राहिला. ग्रेडनने पॅनेलमध्ये ब्रेकर ओळीने बसवले. नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचे दिवे, काचेचा वायपर, भोंगा, रेडिओ, पिंजरे ओढायच्या चाकावरचा दिवा, प्रत्येकाचा खटका वेगळा. एकात बिघाड झाला तर तेवढाच पडेल, बाकीचे चालू. तळातलं पाणी उपसायचा पंप तेवढा त्याने सरळ बॅटरीवर घेतला. “सगळं बंद करून तुम्ही घरी झोपलात, तरी हा जागा पाहिजे,” तो म्हणाला.

वेंडल काही बोलला नाही. त्याचं काही न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला माहीत. ग्रेडनला कुठलं माहीत असायला? तो बिचारा घामाघूम.

“ही पिवळी तार कशाला?” वेंडलने विचारलं. “जुन्या बोटीत लाल आणि काळी होती.”

“इकडे घरांत काळ्या तारेत वीज खेळते, आणि जुन्या बोटींत काळी परतीची. दोन्हीकडे काम करणारा माणूस एक दिवस घोटाळा करतो, मिस्टर निकरसन. म्हणून परतीची पिवळी. माझ्यासारख्यासाठीच केलंय हे.”

“स्वतःची चूक आधीच धरून चालतोस?”

“हो. म्हणजे नंतर धरावी लागत नाही.”

वेंडलचा ओठ एका बाजूने हलला. मी मनात म्हटलं, जमलं बाई. शुक्रवारी दुपारपर्यंत अर्ध्या तारा जोडून झाल्या होत्या, आणि मी कोमट चहाचा कप हातात धरून स्वतःवर खूश होऊन बसले होते. शुक्रवार हा आमच्याकडे कशालाच चांगला नाही, हे मी तरी विसरायला नको होतं.

चार तारा एकत्र जोडायच्या असल्या की त्यांच्या गाठीतून एकच आखूड तुकडा बाहेर काढतात आणि तो पुढे खटक्याला लावतात. वायरमन लोकांत त्या तुकड्याला एक नाव आहे. जगभर आहे म्हणे. ग्रेडनचं डोकं पॅनेलच्या मागे, हात बाहेर, आणि तो मला म्हणाला, “लिओना आत्या, ती डुकराची शेपटी द्या जरा.”

(हात चुलीवर आहे माझा.)

वेंडल पेटीवरून असा उठला की पेटी उलटली. त्याने एका हाताने इंजिनाचं लोखंड धरलं, मी कठड्याचा नळ धरला, शेजारच्या बोटीवरच्या हार्टलीने आवाज ऐकून स्वतःचा नांगर धरला. ग्रेडन पॅनेलमागून बाहेर आला तो आम्ही सगळे लोखंडाला चिकटलेले.

“शॉक बसला का?” त्याने घाबरून विचारलं.

“उतर,” वेंडल म्हणाला.

“पण काय झालं?”

“उतर माझ्या बोटीवरून! परत पाय ठेवायचा नाही!”

रोवेनाने त्याला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. बोटीवर शीळ घालायची नाही, डेकवरचं झाकण उलटं ठेवायचं नाही, आणि त्या गृहस्थाचं नाव घ्यायचं नाही. तिसरी त्याने पाठ केली होती. पण तो तुकडा त्याच्या लेखी प्राणी नव्हताच, तांब्याची तार होती. आपण रोज बोलतो त्या शब्दाच्या पोटात काय बसलंय ते कोण उघडून बघतं?

मी वेंडलला म्हटलं, “अरे, नकळत बोलला तो.”

“समुद्राला कळतं का नकळत?”

“बरं, मग उरलेलं वायरिंग कोण करणार? समुद्र?”

“मी करीन. एक तार, एक खटका. त्यात काय मोठं!”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तारांची टोकं लोंबत होती, ती वेंडलने हाताला लागतील तशी खटक्यांना जोडली. अंधार पडायच्या आत त्याने मला बोलावलं आणि ऐटीत वायपरचा खटका वर केला. नाळेवरचा भोंगा असा बोंबलला की धक्क्यावरचे सगळे गल पक्षी उडाले. नाळेच्या दिव्यांचा खटका दाबला, वायपर फिरला. रेडिओचा दाबला, काहीच झालं नाही, फक्त कुठेतरी टक्कन आवाज आला आणि ब्रेकर पडला.

“हाताने बुक्की मारून बघ,” शेजारून हार्टली म्हणाला. “सवय आहे तुला.”

वेंडल त्या रात्री जेवला नाही नीट, असं आयडा वहिनी म्हणाली. सोमवारी सगळ्या बोटी निघणार आणि ‘रोवेना मे’ धक्क्याला बांधलेली राहणार, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. आणि दिव्यांशिवाय तो निघाला असता तर मीच त्याला दोरीने बांधला असता.

शनिवारी सकाळी मी त्याच्यापुढे उभी राहिले. “तू म्हणालास, परत पाय ठेवायचा नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“तोंड ठेवायचं नाही असं म्हणाला नव्हतास.”

मग असं ठरलं की ग्रेडन धक्क्यावर उभा राहून सांगणार आणि मी बोटीत बसून करणार. उंटावरून शेळ्या हाकणं फक्त ऐकलं होतं, त्या दिवशी मी शेळी झाले. सकाळी ओहोटी लागलेली. आमच्याकडे पाणी उतरतं ते दुमजली घराएवढं. सुरुवातीला ग्रेडन उकिडवा बसून बोलत होता. मग गुडघ्यांवर आला. मग पालथा झाला, आणि दुपारच्या सुमाराला त्याचं फक्त डोकं आणि दोन लांब हात धक्क्याच्या कडेवरून खाली लोंबत होते. रोवेना त्याच्या पोटऱ्यांवर बसली होती, तो खाली घसरू नये म्हणून.

“आत्या! लाल तार, जिच्यावर दोन पट्ट्या आहेत! ती वरून तिसऱ्याला!”

“इथे सगळ्याच लाल आहेत मेल्या!”

“दोन पट्ट्या! आणि जोडण्याआधी ओढून बघा! सुटली तर माझी लाज जाईल!”

“आणि नाही सुटली तर?”

“तरी परत ओढा!”

अडचण एकच होती. तो तुकडा दर दोन तारांमागे लागत होता. पहिल्यांदा वेळ आली तेव्हा ग्रेडनचं तोंड उघडं राहिलं, जीभ दातांवर टेकली, आणि सगळा धक्का श्वास धरून उभा. वेंडल सुकाणूला पकडून.

“आत्या,” ग्रेडन सावकाश म्हणाला, “तो जो… गृहस्थ आहे ना, त्याच्या… पाठीमागे जे असतं… ते द्या, म्हणजे घ्या.”

हार्टली हसताहसता जाळ्यांवर बसला. दुपारपर्यंत अख्ख्या धक्क्यावर तेच चाललं होतं. “लिओना, गृहस्थांचं मागचं टोक नीट आवळलंस का?” वेंडल एकदाही हसला नाही. पण तीनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून तो केबिनच्या मागे जाऊन आला. तिथून परत येताना त्याचे डोळे ओले होते आणि ते थंडीने नव्हते.

मग पाणी परत चढू लागलं. बोट हळूहळू वर आली, ग्रेडन गुडघ्यांवर आला, मग बसता झाला. दिवस कलायच्या सुमारास भरती पुरी झाली आणि त्याचं आणि वेंडलचं तोंड समोरासमोर आलं. मधे फक्त हातभर पाणी.

“लाव,” वेंडल मला म्हणाला.

मी खटके एकेक करून वर केले. नाळेला तांबडा आणि हिरवा दिवा लागला. वायपर फिरला तो वायपरच फिरला. रेडिओ बोलला. मला इतका आनंद झाला की मी भोंगा दोनदा वाजवला. माझ्या हातांनी केलं होतं ते! मोडक्या नखांनी आणि आमिषाचा वास मारणाऱ्या बोटांनी!

“आणखी एक आहे,” ग्रेडन म्हणाला. त्याने एक जाड केबल आणली होती. तिचं एक टोक केबिनच्या बाहेरच्या बाजूला बसवलेल्या सॉकेटमध्ये फिरवून अडकायचं, दुसरं धक्क्यावरच्या वीजपेटीत. पेटीचं भोक वेगळ्या मापाचं, म्हणून मधे हातभर जोडतुकडा, आणि वायरमन लोकांत त्यालाही तेच नाव. “रात्रभर बॅटरी चार्ज होईल. हीटरही चालेल. फक्त निघण्याआधी हे… हे मोठं… हेही त्याच गृहस्थाचं आहे… ते काढायचं. विसरायचं नाही.”

“मी पोरवयापासून बोटी सोडतोय,” वेंडल म्हणाला. “धक्क्याला बांधलेलं काय काय सोडायचं ते मला शिकवू नकोस.”

“नाही, मिस्टर निकरसन.”

वेंडलने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, ये. तो म्हणाला, “काम बरं झालंय,” आणि आत गेला. रोवेनाने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ग्रेडन आपली हत्यारं गोळा करत राहिला. मला वेंडलच्या पाठीत ग्रेडनसाठी आणलेली बिस्किटं फेकून मारावीशी वाटली.

सोमवारी पहाटे सगळं गाव धक्क्यावर. भरती पुरी होती, बोटींचे कठडे धक्क्याच्या बरोबरीला, आणि प्रत्येक बोटीवर पिंजऱ्यांची चळत केबिनच्या छपरापर्यंत. पाद्री आशीर्वाद देऊन गेला. आयडा वहिनीने थरमास फेकला, मी झेलला. ग्रेडन रोवेनाशेजारी उभा होता, खिशात हात घालून, धक्क्याच्या कडेपासून बेताचं अंतर ठेवून.

इशाऱ्याचा भोंगा झाला. सगळी इंजिनं एकदम गरजली. वेंडलने पुढचा दोर सोडला, मी मागचा सोडला. पोरवयापासून सोडतोय तसे सगळे दोर सोडले. पण जुन्या बोटीला दोरांशिवाय काही बांधलेलंच नसायचं.

मी मागे होते, पिंजऱ्यांच्या चळतीपलीकडचं मला काही दिसत नव्हतं. मला दिसला तो ग्रेडनचा चेहरा. धक्क्याच्या फळ्यांवर पडलेली केबल सापासारखी उठून ताणली जात होती, आणि तो तिच्याकडे बघत होता. वीजपेटी पार वरच्या टोकाला, कुलूपबंद, मधे अख्खं गाव. केबल आणखी दोन हात ताणली असती तर सॉकेट उपटलं असतं, आणि त्याच्यामागून पॅनेलची अर्धी पाठ. मग परत धक्क्याला लागणं आलं, आणि निघालेली बोट पिंजऱ्यांच्या टाकणीच्या दिवशी माघारी आली की आमच्याकडे वर्ष गेलं म्हणतात.

एक शब्द ओरडला असता तर काम झालं असतं. वायरमनच्या तोंडात तोच शब्द आधी येतो. तो आला होता, मी बघितला. त्याचे ओठ उघडले, गळ्याची घाटी वर गेली. मग ती खाली गेली.

आणि त्याने उडी मारली.

कठड्यावर गुडघा आपटला, केबिनच्या दांड्याला लोंबकळला, एका हाताने केबलचं टोक फिरवलं आणि उपटलं. केबल चाबकासारखी धक्क्यावर परत गेली. रोवेनाने ती दोन्ही हातांनी धरली.

वेंडल खिडकीतून वळला. “तू! खाली उतर!”

ग्रेडनने मागे पाहिलं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये काळं पाणी रुंद होत चाललं होतं.

“कुठे उतरू?” त्याने विचारलं.

वेंडलने धक्क्याकडे पाहिलं. रोवेनाच्या हातातलं ते टोक पाहिलं, मग स्वतःच्या बोटीवरचं रिकामं सॉकेट. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. माझ्या भावाला मी आयुष्यात थोड्याच वेळा घाबरलेलं बघितलंय, त्यातली ती एक. सगळ्या गावादेखत तो काय करून बसला असता, ते त्याला तेव्हा कळलं.

“काही बोललास का तू?” त्याने विचारलं. आवाज बारीक होता.

“नाही.”

“जिभेवर आलं होतं?”

“हो.”

“मग?”

“गिळलं,” ग्रेडन म्हणाला.

वेंडल सुकाणूकडे वळला. मग म्हणाला, “सॉकेटचं झाकण लाव. खारं पाणी जाईल आत. आणि लिओना, त्याला माझा जुना रेनकोट दे.”

सोळापैकी बारा आणे लोकांना पहिल्या दिवशी बोट लागते, तशी ग्रेडनलाही लागली. खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो, पहिली मोठी लाट आली आणि त्याचा रंग केबिनच्या पडद्यासारखा हिरवट झाला. तरी उठायचा, माझ्या हाताशी एक पिंजरा सरकवायचा, पुन्हा बादली गाठायचा. “झोप रे बाबा,” मी म्हटलं. “झोपलो की दोन समुद्र दिसतात,” तो म्हणाला. वेंडल खिडकीतून पुढे बघत पिंजऱ्यांच्या जागा ओरडत होता. मधेच एकदा तो खाली वाकून पॅनेलकडे बघत उभा राहिला. खटके सगळे वर, एकही पडलेला नाही. त्याने बोटाने एका तारेला हलकेच ओढून बघितलं. मग परत ओढलं.

पिंजऱ्यांची शेवटची माळ पाण्यात गेली तेव्हा रेडिओ खरखरला. हार्टली होता.

“‘रोवेना मे’, ‘रोवेना मे’. वेंडल, तुझ्या कठड्यावर ओणवा झालेला तो तिसरा माणूस कोण रे?”

आमच्याकडे टाकणीच्या दिवशी प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो. कोण कुठे आहे, कुणाला काय झालं, सगळं गाव भांडी घासता घासता ऐकतं. आयडा वहिनी ऐकत होती. रोवेना ऐकत होती. वेंडलला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, कारण बोलायचं बटण हाताखाली असून तो ते दाबत नव्हता.

वेंडलने बटण दाबलं.

“जावई आहे माझा,” तो म्हणाला.

मला रडू आलं. आमिषाच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तसंच वाहू दिलं. ग्रेडनने बादलीतून डोकं वर काढलं, काहीतरी बोलायला गेला आणि घाईघाईने परत आत घातलं. ते सगळं हार्टलीला पलीकडून दिसलं असणार.

“पोटात काही टिकतंय का त्याच्या?” त्याने विचारलं.

“नाही,” वेंडल म्हणाला. “पण दिवे सगळे लागतायत.”